नाव तेच, लॉट वेगळा

"बोरसेभाई, छह बजे कंप्रेसर चालू थवो जोईए. पॅनल हो या ना हो," आमचे प्लांट मॅनेजर पटेल साहेब म्हणाले. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

सुरतजवळच्या हजीऱ्याच्या आमच्या प्लांटमधला दुरुस्तीचा शटडाउन संपत आला होता. मी तिथे इन्स्ट्रुमेंट इंजिनियर. गॅस गळला की दिवा लावून भोंगा वाजवणारं पॅनल माझ्याकडे. नेमकी त्याच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. नवी टाकली, पण सॉफ्टवेअर आणायचं कुठून? पॅनल बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. कपाटातली मूळ सीडी काढली, तर खाऱ्या हवेने तिचे पापुद्रे सुटत होते.

पॅनलशिवायचा साहेबांचा बेत सोपा होता. कॉन्ट्रॅक्टची चार माणसं हातात गॅसमीटर घेऊन कंप्रेसरभोवती फिरतील. त्यातला संजय कोसाडला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. आणि पॅनलशिवाय कंप्रेसर चालवायच्या परवानगीच्या कागदावर सही माझी.

जुनी सॉफ्टवेअर जपून ठेवणारी एक वेबसाइट मला माहीत होती. पण कंट्रोल रूममध्ये इंटरनेट नाही, मोबाइल गेटवर जमा, पेनड्राइव्हची भोकं सील केलेली. बाहेरची फाइल आणायची तर सीडीवरच, आणि आयटीवाल्यांनी तपासल्यावर. हल्ली सीडी लिहिणारा कॉम्प्युटर कोणाकडे असतो?

माझ्या बायकोकडे. उज्ज्वला सुरतच्या पर्वत पाटिया भागात एका साडीवाल्या शेठच्या ऑफिसात कामाला. तिथे जुनी डिझाइन्स अजून सीडीवरच ठेवायचे. आयटीची परवानगी घेतली आणि लँडलाइनवरून तिला फोन लावला. तिच्या शेठनेही हरकत घेतली नाही.

त्या वेबसाइटवर तिला फाइल सापडली. नाव तेच, व्हर्जनही तेच.

"आता तिच्यापुढचा चेकसम वाच," मी म्हटलं. चेकसम म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. पॅनल बसवलं तेव्हा कुणा शहाण्याने तो रजिस्टरमध्ये लिहून ठेवला होता, लांबलचक, आकडे आणि अक्षरं मिसळून. उज्ज्वला दिवसभर फोनवर पार्ट्यांना पार्सलचे नंबर सांगते. बी बॉम्बे, डी दिल्ली करत ती चार-चार अक्षरं वाचू लागली. पहिलीच चार जुळेनात.

साहेब शेजारीच उभे होते. "नाम तो वही है ने? पछी शुं वांधो छे? मंगवा लो."

"ठसा अलग है, साहेब. नहीं डालूंगा."

"घडियाळ जुओ, बोरसेभाई!"

"तो फिर साइन आप कर दो."

एरवी मी साहेबांशी असं बोलत नाही. त्या दिवशी राग आला होता आणि भीतीही वाटत होती. पण पुढे काय करायचं ते मलाही सुचत नव्हतं.

फोन चालूच होता. उज्ज्वलाने सगळं ऐकलं होतं.

"थांबा जरासं," ती म्हणाली आणि घाईत अहिराणीवर आली. "आमना मार्केटमा असंच ऱ्हास. डिझाइन नंबर एकच, पन लॉट येगळा. साडी उघडी का रंग येगळा. मी खाले देखस."

त्याच पानावर बरंच खाली त्याच नावाची दुसरी फाइल निघाली. तिने पुन्हा चार-चार वाचायला घेतलं, मी रजिस्टरवर बोट ठेवून होतो. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळलं. मी खुर्चीत बसलो तेव्हा कळलं, इतका वेळ उभाच होतो.

सीडी सेकंड शिफ्टच्या बसने आली. तडकू नये म्हणून तिने ती साडीच्या खोक्यात घातली होती. गेटवर सिक्युरिटीने विचारलं, साडी कोणाला? आयटीने सीडी तपासली, मी ठसा पुन्हा जुळवला आणि सॉफ्टवेअर टाकलं.

मग टेस्टिंग. संजय टेस्ट गॅसची छोटी बाटली घेऊन एकेका डिटेक्टरपाशी जायचा, मी पॅनलसमोर वॉकीटॉकी घेऊन.

"लागला?"

"लागला."

चोवीसच्या चोवीस दिवे लागले. पहिली फाइल बारा डिटेक्टरांच्या पॅनलची होती, हे नंतर कळलं. ती टाकली असती तर उरलेले बारा मुके राहिले असते आणि पॅनल सगळं ठीक दाखवत बसलं असतं.

कंप्रेसर साडेसहाला चालू झाला. साहेबांनी रिकामा खोका माझ्या हातात दिला. "भाभी को थँक्यू कहेजो."

घरी गेलो तर उज्ज्वलाने दारातच विचारलं, "माल बराबर निंघना का?"

"निघाला," मी म्हटलं.

साहेबाला 'नाही' म्हणायला मी तीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. नाही म्हटल्यावर तिथेच न थांबता जरा खालचा लॉटही बघायचा असतो, हे साडी मार्केटमध्ये पहिल्याच महिन्यात शिकवतात.