न शिजलेला शिधा

माझ्या बायकोला, यमुनेला, मातीत ठेवून आठ महिने झाले होते, आणि त्या आठ महिन्यांत मी एकदाही मनापासून प्रार्थना केली नव्हती. हे मी कोणाला सांगितले नाही. अमरावतीत आम्ही ख्रिस्ती म्हणवणारी चार घरे होतो. दर रविवारी सगळे माझ्या ओसरीवर जमत. वाचता येणारा मी एकटाच, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत; मी शास्त्र वाचत असे, अर्थ सांगत असे, शेवटी डोळे मिटून ठरलेले शब्द उच्चारत असे. ऐकणारे डोळे पुसत. माझे मात्र कोरडे राहत. आपण दुसऱ्याचे पत्र वाचून दाखवत आहोत असे मला वाटे.

यमुनेचे तसे नव्हते. तिला जेमतेम अक्षरओळख होती. पण दिवसभर ती आपल्या मनाकडे लक्ष ठेवून असे. दिवेलागणीला भाकरी थापता थापता सांगे, "आज विहिरीवर एकीशी वाकडं बोलले, तेव्हापासून देवाचं नाव घ्यायला जीभ वळेना." किंवा, "शेजारणीचं तान्हं घटकाभर मांडीवर घेतलं, आणि काय सांगू, देव अगदी जवळ येऊन बसला." मी पुस्तकातून मान वर न करता 'हं' म्हणे. देवाजवळ जायचे तर ग्रंथ समजून घ्यावेत, अशी माझी समजूत. कशाने आपण त्याच्या जवळ जातो आणि कशाने दूर, एवढेच ती बायको रोज तपासून पाहत होती, हे मला ती गेल्यावर कळले. तेही फार उशिरा.

त्याच सुमारास अकोल्याहून थोरल्या भावाचे पत्र आले. आम्ही बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरच्यांनी जिवंतपणीच आमच्या नावाने पाणी सोडले होते. त्यानंतरचे हे पहिले पत्र. साता समुद्रांपलीकडे कुठे लढाई जुंपून तिथला कापूस बंद झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे मोल आले होते. अकोल्यात नवनव्या पेढ्या उघडत होत्या, लिहिणारी माणसे मिळत नव्हती. भावाने लिहिले होते : ये, प्रायश्चित्त घे, कारकुनाची जागा ठेवली आहे, चार महिन्यांत लोक सगळे विसरतील. मी ते पत्र आठ दिवस उशाखाली ठेवले. मग बाकीच्या तिन्ही घरांना सांगितले की वीस दिवसांसाठी भावाकडे जाऊन येतो. परत यायचे नाही, हे मनात ठरले होते.

कापसाच्या एका गाडीवर मी जागा मिळवली. डोक्यावर जुनी ब्राह्मणी पगडी, अंगावर उपरणे. वाटेत कोणी जात विचारली नाही. पाहूनच नमस्कार करत, बसायला सावली देत. मी नमस्कार घेत गेलो. खोटे एक अक्षर बोललो नाही, आणि खरेही बोललो नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे मला थंडी वाजून ताप भरला. गाडीवानाला बाजार गाठायची घाई. त्याने एका गावात गाडी थांबवून मला उतरवले. "महाराज, या म्हातारीच्या घरी पडा. बामनाले काई कमी पडू देत नाई ते," असे म्हणून त्याने बैल हाकलेही.

म्हातारी कुणब्याची. मुलगे, सुना, सगळे वेचणीला रानात. घरी ती एकटीच, कापसातली पत्ती निवडत बसलेली. ओसरी छपरापर्यंत कापसाने भरली होती. तिने एका कोपऱ्यातला कापूस हातांनी बाजूला सारून मला जागा केली, आणि लांबूनच जमिनीला डोके टेकवले. थोड्या वेळाने माझ्यासमोर शिधा आणून ठेवला : पीठ, डाळ, मीठ, कोरे मडके, चार गोवऱ्या. ब्राह्मण दुसऱ्याच्या हातचे खात नाही. त्याने आपले आपण रांधून घ्यावे. ती रीत तिने मनोभावे पाळली.

मला हात उचलवत नव्हता. तो दिवस गेला, दुसरा उजाडला, शिधा तसाच. माझ्या तांब्यातले पाणीही संपले. रांधून वाढायला माणूस होते, चुलीवर अन्न होते, आणि मी हातभर अंतरावर उपाशी पडून होतो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ती पुन्हा येऊन उभी राहिली.

"महाराज, आजबी सयपाक नाई करत का?"

"उठवत नाही, बाई."

"मंग म्या काय करू, सांगा बरं! म्या रांधलं तं तुमाले चालत नाई. अन् बामन माह्या दारात उपाशी मेला, तं ते पाप कोनाच्या माथी?" ती खरोखर घाबरली होती.

त्या भाबड्या भीतीने माझ्या आत काहीतरी हलले. मी गप्प राहिलो होतो, आणि ती एका नसलेल्या पापाचे ओझे वाहत होती. मी म्हणालो, "आई, मी ब्राह्मण नाही. होतो. आता ख्रिस्ती आहे." आठ महिन्यांत माझ्या तोंडून निघालेले ते पहिले खरे वाक्य असावे.

"म्हंजे, त्या गोऱ्या पादऱ्याच्या धर्माचा?"

"हो."

"अन् दोन दिवसापासून म्या म्हातारी तुह्या पाया पडून राहिली, अन् तू गुमान पडू देतं?"

आता ही बाहेर काढील, असे वाटले. पण ती आत जाता जाता बडबडत होती, "आदीच सांगाचं नाई का रे बावा! काल काहून उपाशी राहाचं मंग? जवारीच्या कन्या शिजून पडल्या घरात!"

पळसाच्या पानावर ज्वारीच्या कण्या आल्या, वर ताक. ओंजळीत पाणी तिने न शिवता वरूनच ओतले. तिची रीत तिने सोडली नाही, आणि मला त्याचे काही वाटले नाही. मी हात जोडले.

"आता काय करून राहिला?"

"खाण्याआधी देवाचं नाव घेतो."

"घे, पन लौकर घे. थंड्या होतीन त्या."

पाठ असलेला एकही शब्द मला आठवेना. "प्रभू, मी इथे आहे," एवढेच कसेबसे आले, आणि मग रडू आवरेना. देव किती जवळ होता, ते मी लिहू शकत नाही. म्हातारी पुढे वाकून पानाकडे पाहत म्हणाली, "तिखट तं नाई टाकलं म्या."

तीन दिवसांनी उठून बसता आले. तिचा मुलगा अकोल्याला जायची गाडी भरत होता; त्याच्यापाशी भावासाठी चिठ्ठी दिली. राग नाही, येणेही नाही, असे लिहिले. आता त्या घराचे दार पुन्हा उघडणार नव्हते. मग बाजाराहून रिकाम्या परतणाऱ्या एका गाडीवर बसून मी अमरावतीकडे निघालो.

गावात शिरलो तेव्हा तिसरा प्रहर होता. वार कामाचा, आणि तरी माझ्या ओसरीवर तिन्ही घरांची माणसे बसलेली. गवंडीकाम करणारे भिवाजी, आमच्यात वयाने वडील, हातापायांवरचा चुना तसाच. मी उभ्या उभ्याच सांगून टाकले की मी परत येणार नव्हतो.

"आमाले समजलंच व्हतं, मास्तर," भिवाजी म्हणाले. "जातानी तुमी कोनाच्याच तोंडाकडे पायलं नाई."

"मग अडवलं का नाही मला?"

"अडवून काय व्हते? रोज याच वक्ताले काम सोडून इथं येऊन बसलो. वाचता तं कोनालेच येत नाई. तुमचं नाव देवापुढं घ्याचं, अन् उठाचं."

रोज, याच वेळेला. म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली ती वेळ कोणती होती, हे मी त्यांना सांगितले नाही. त्यावरून काही सिद्ध करावे असे मला वाटत नाही. मला सांभाळायला जे झटले, त्यांतल्या कोणाला अक्षर येत नव्हते, आणि मी मात्र स्वतःला त्यांचा वाटाड्या समजत होतो. यमुना नाही हे दुःख अजून तसेच आहे; ते जावे असे मी मागतही नाही. मला धरून ठेवणारे हात माझे नव्हते, एवढे मात्र आता ठाऊक आहे, आणि ते हात ज्याचे, त्याचा मी ऋणी आहे. त्या दिवशी भिवाजींनी सरकून जागा केली. मी पुस्तक आणायला आत गेलो नाही. त्यांच्या शेजारी बसलो, आणि ते प्रार्थना करू लागले तेव्हा ऐकत राहिलो.