नातेवाइकाने द्यायचे पाच गुण

महामारीत बाबा गेले त्यानंतर दोन दिवसांनी रुग्णालयाच्या मदतकक्षातून मला फोन आला की त्यांची तब्येत स्थिर आहे आणि सकाळी थोडी खिचडी खाल्ली. आवाज कुणा शिकाऊ डॉक्टरचा होता, तरुण, नम्र. मी आभार मानले. खरी बातमी तिसऱ्या दिवशी शवागारातल्या एका माणसाने दिली. देह न्यायला कोणीच का येत नाही म्हणून त्याने आपणहून नंबर लावला होता.

फोनवरचा तो मुलगा खोटं बोलत नव्हता. त्याच्यासमोर जुनी यादी होती. फोन उचलण्याआधी उठून त्या खाटेपर्यंत जायचं असतं, हे डॉक्टर होण्याच्या इतक्या वर्षांत त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

आमच्या घरात दुःखाचंही पत्रक निघतं. बाबा बँकेच्या युनियनमध्ये होते आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्या पत्रकांची प्रुफं वाचून. आमचं शहर हिंदी बोलणारं, म्हणून महामारी ओसरल्यावर मी हिंदीत दोन पानी पत्रक काढलं: यातून डॉक्टरांच्या शिक्षणात काय बदलायला हवं. बाड्यावरच्या बाजारात वाटलं, इंदरगंजच्या चौकात वाटलं, मेडिकलच्या मुलांच्या मेसबाहेर उभी राहून वाटलं. त्यात एकूण अकरा मागण्या होत्या; दुसरी अशी, की रुग्णाला स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय नातेवाइकाला फोन करायचा नाही. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी जन्मभर पत्रकं काढली. शाखेतला पंखासुद्धा बदलला नाही."

ते एक पत्रक एका मॅडमनी जपून ठेवलं होतं. त्या मेडिकल कॉलेजात शिकवतात आणि आमच्याच मराठी मंडळातल्या, लहानपणी गणपतीच्या नाटकांत कामं केलेल्या. गेल्या वर्षी त्या मंडळात आल्या. महामारीतून धडा घेऊन कॉलेजात नवी परीक्षा सुरू होत होती: मृत्यूची बातमी नातेवाइकाला कशी सांगायची. नातेवाईक व्हायला त्यांना नट हवे होते. मंडळातले ज्येष्ठ खूश झाले. एका काकांनी मेकअप असेल का म्हणून विचारलं. दुसऱ्यांनी त्यांना बजावलं की समोर एकच मुलगा बसलेला असेल, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं रडू नका. प्रसंग लिहायचं काम मॅडमनी मला दिलं.

मी जे झालं तेच लिहिलं. कॉलेजच्या परीक्षा समितीने त्यातून ते दोन दिवस काढून टाकले. प्रसंग छापून आला तेव्हा त्यात रुग्ण आज सकाळी वारला होता आणि चूक कोणाचीच नव्हती. विद्यार्थ्याला सहा मिनिटं. आपलं नाव सांगितलं का, खुर्ची दिली का, पाणी पुढे केलं का, "हमने पूरी कोशिश की" म्हटलं का, असे ठरलेले गुण. आणि शेवटी एक चौकट, नातेवाइकाने द्यायच्या पाच गुणांची.

मी भांडले. मॅडम म्हणाल्या, आधी एवढं तर होऊन जाऊ दे, बाकीचं हळूहळू. बाबा "हळूहळू" या शब्दाला मालकांचा शब्द म्हणत. मी होकार दिला, पण मनाशी ठरवलं की माझा प्रश्न मी विचारणारच.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून मी वडील गेलेली मुलगी होऊन बसले होते. एकामागून एक मुलं आली. सगळ्यांनी पाणी पुढे केलं. प्रत्येकाला मी विचारलं, कल तो फ़ोन पर बताया कि खिचड़ी खाई, खाते हुए किसने देखा? कोणी म्हणालं, स्टाफ़ ने देखा होगा. कोणी म्हणालं, मैं आपका दुख समझ सकता हूँ. एकाने पाण्याचा पेला दुसऱ्यांदा पुढे केला.

नंतर एक मुलगी आली, मुरैन्याकडची असावी असं बोलण्यावरून वाटलं. मी विचारलं तशी ती गप्पच झाली. मला वाटलं, पाठ केलेलं विसरली. परीक्षक पेन हातात धरून बसले होते.

"मालूम नहीं," ती म्हणाली. "शायद किसी ने नहीं देखा. बिना देखे बोल दिया होगा. ग़लती हमारी है."

घंटा झाली. तिचं पाणी द्यायचं राहिलं होतं, नाव सांगायचंही. परीक्षक तिच्यादेखत म्हणाले की असं कबूल करत गेलीस तर उद्या कोर्टात उभी राहशील.

बाबा गेल्यापासून मी ज्या वाक्याची वाट पाहत होते ते मला त्या खोलीत मिळालं. आणि मी काय केलं? संध्याकाळी सगळे कागद माझ्यापुढे आले, तेव्हा एकाही कागदावरची चौकट भरली नाही. वर लिहिलं, या परीक्षेवर माझा बहिष्कार आहे. अर्ध्या करारावर सही करायची नाही, हे आमच्या घरात वरण-भाताबरोबर शिकवलं जायचं. बहिष्काराखाली मात्र सही केली. घरी येताना मला फार हलकं वाटत होतं, हेही लिहून ठेवते.

कोरी चौकट म्हणजे शून्य, हे मी विचारलंच नव्हतं. बाकीच्यांना परीक्षकांनी एवढे गुण दिले होते की माझ्या शून्याने काही बिघडलं नाही. ती मुलगी दोन गुणांनी राहिली. पुढच्या पोस्टिंगला जायच्या आधी तिला परत बसावं लागणार होतं, आणि तेव्हाही नापास झाली तर सहा महिने जाणार होते.

मी मॅडमकडे धावले. म्हटलं, मी आत्ता पाच लिहून देते.

"तू कोरे कागद देऊन दिलेस," मॅडम म्हणाल्या. "जमा होऊन गेले. आता मी काय करू?"

मी म्हटलं, खरं बोलणारी एकटी तीच होती.

मॅडम म्हणाल्या, "महामारीच्या त्या दिवसांत मी वॉर्डात होते. कोण कुठल्या खाटेवर आहे ते आम्हालाच माहीत नसायचं. तुला खरं पाहिजे होतं ना? पाच गुण तुझ्या हातात होते की."

मी तशीच घरी आले.

आठवड्याने ती मुलगीच माझा पत्ता शोधत खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरी आली. मला वाटलं, भांडेल. मी माफी मागितली तर ती संकोचली. "दीदी, मुझे लगा आप सच में पूछ रही हैं," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून ती ठरलेल्या गुणांची यादी काढली. परीक्षेतला प्रसंग मी लिहिला आहे असं तिला कळलं होतं. तिला माझ्याकडून तयारी करून घ्यायची होती. नापास झाल्याचं तिच्या घरी अजून कोणाला माहीत नव्हतं.

मी काय म्हणणार होते? तत्त्वाची किंमत तू भर, असं?

आईने चहा ठेवला. मी परत नातेवाईक झाले. पहिल्या दोन वेळा तिने तोच प्रश्न ऐकून मान खाली घातली. मी तिला थांबवलं. सांगितलं, खाली बघायचं नाही. आधी पाणी दे. मग एक श्वास घे, म्हणजे खरं वाटतं. मग म्हण, स्टाफ़ ने उनका पूरा ध्यान रखा था. ती म्हणाली, और अगर न रखा हो तो? मी म्हटलं, परीक्षेत ठेवलेलंच असतं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग आत गेली.

चार दुपारी लागल्या. चौथ्या दुपारी मी प्रश्न विचारला आणि तिने माझ्या डोळ्यांत बघून, बरोबर जागी थांबून, असं उत्तर दिलं की क्षणभर मला पटलं. बाबांना कोणीतरी खिचडी भरवत होतं, असं मला खरोखर दिसलं.

फेरपरीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. पुढच्या तुकडीला मॅडम तिचं उदाहरण देतात. माझी दुसरी मागणी कुठल्याच पुस्तकात आली नाही, बाकीच्या दहाही नाहीत. आता ती इंटर्न आहे आणि काही दिवस तिची ड्यूटी मदतकक्षात फोनवर असते. फार छान बोलते म्हणे, नातेवाईक शांत होतात. परवा तिचा मेसेज आला होता, दीदी कैसी हो. मी बरी आहे एवढंच कळवलं. नंबर लावण्याआधी ती वॉर्डात जाऊन येते का, हे विचारायचं मनात होतं. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. आणि ते खरं की खोटं, हे ओळखायची काही सोय मी शिल्लक ठेवलेली नाही.