अक्कानं न केलेली चूक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. अक्काला तर नाहीच — आणि आता अक्का नाही. तुम्हाला सांगतोय. कसं सांगायचं ते मात्र अजून नीट जमत नाही.

पूर्ण्यात माझं लग्नाचे व्हिडिओ करायचं दुकान आहे, घराच्याच पुढच्या खोलीत. अक्का, माझी थोरली बहीण, चारठाण्याकडं शाळेत बाई होती. सुट्टीच्या दिवशी ती मेंढरं पाळणाऱ्यांच्या घरी जाऊन बसायची, तिथल्या बायकांची गाणी फोनमध्ये भरून घ्यायची. त्यात गंगूबाई म्हणून एक म्हातारी होती. लय गोड गळा. तिची सगळी गाणी अक्कानं घेतली, आणि त्याच हिवाळ्यात गंगूबाई वारली.

माझा कॉम्प्युटर जुना, संथ. मी मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरून प्रोसेसरचा वेग वाढवला, रॅमचाही. हे कसं करतात ते मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. वेग थोडा थोडा चढवायचा, व्होल्टेज बेतानं द्यायचं, दर वेळी मशीनला तासन्‌तास ताण देऊन बघायचं, तापमानावर नजर ठेवायची. मशीन स्थिर आहे अशी खात्री होईस्तोवर त्यावर मोलाचं काही ठेवायचं नाही. मी एकदम उडी मारली. व्हिडिओ भरभर व्हायला लागले, मी खूश. मधूनच मशीन अडकून निळा पडदा यायचा — मी परत चालू करायचो.

अक्काचा फोन भरला तेव्हा ती गाणी माझ्याकडं घेऊन आली. मी ती कॉम्प्युटरवर घेतली, खरखर काढून परत सेव्ह केली. दोन-तीन ऐकली, बरी निघाली. पेनड्राइव्हवर पण घेऊन ठेवू का, असं तिनं विचारलं होतं. मी हसलो. म्हणालो, फोनमधली काढून टाक, इथं काही होत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दुकानात बसून एकेका गाण्याला नाव द्यायची. एका दुपारी तिनं हाक मारली. फाइल उघडत नव्हती. दुसरीही नाही. जी उघडली तिच्यात नुसती घरघर. फोनमधली गाणी तिनं कधीच काढून टाकलेली, ती जागा तोवर शाळेच्या फोटोंनी भरलेली.

मला लगेच कळलं — वाढवलेल्या वेगात मशीन चुकत होतं, गाणी सेव्ह होतानाच बिघडली होती. ती चहा ठेवायला आत गेली आणि मी — काय केलं असेल? मशीन परत चालू करून सगळी सेटिंग पहिल्यासारखी केली. कुणी बघितलं तरी काही सापडू नये म्हणून.

चहा घेऊन आली, कप माझ्यापुढं ठेवला.

"माझ्याकून काई चुकलं का रे?"

"तू मधीच बटन दाबून बंद केलं असशील," मी म्हणालो.

केलं असेल बाबा, ती म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं. पण ती कधीच तसं करत नव्हती. बंद करताना पडदा पुरता काळा होईपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसायची. मी रोज बघत होतो.

त्यानंतर तिनं कॉम्प्युटरला हात लावला नाही. गाणी घेणंही सोडलं. मी कितीदा तिच्यासमोर बसलो, जेवलो, हसलो — सांगितलं नाही.

गेल्या वर्षी अक्का गेली. तेराव्याला गंगूबाईची लेक आली, दोन एस.टी. बदलून. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई दरसाली आमच्या घरी यायच्या. माझ्या हातून तुझ्या आईचा आवाज गेला म्हणून रडायच्या. मी म्हणायचे, जाऊ द्या. पण त्यांनी लय मनाला लावून घेतलं व्हतं."

दरसाली. मला ठाऊकच नव्हतं.

ती माझ्यासमोर उभी होती. जिचा आवाज गेला तिचीच लेक. तेव्हा तरी बोलायचं ना?

"हो, अक्का तशीच होती," मी म्हणालो, आणि तिला स्टँडवर सोडून आलो.