अप्पांच्या पुढं जायचं कसं?

तंजावुरातली आमची मोटार-शर्यतींची मालिका दुसऱ्याच फेरीत बंद पडली, ती माझ्यामुळं. आजवर दोष माझ्या वडिलांवर, अप्पांवर होता. आता सांगूनच टाकतो.

बाजार खुला झाला त्या वर्षांत आमच्या आठ मराठी घरांनी एकाच बनावटीची छोटी मोटार घेतली. रंगही एकच, पांढरा (उन्हाला बरा!). ते बघून आतेभाऊ वासूच्या अंगात आलं. "सहा फेऱ्या! सारख्या गाड्या, कंपनीतून आल्या तशाच. मग कळेल खरा ड्रायव्हर कोण!" एका टायरवाल्यानं चषकही कबूल केला.

पहिल्या फेरीत कालव्याकाठच्या रस्त्यावर अप्पा सगळ्यांत पुढून सुटले. निवृत्त गणित मास्तर! ताशी तीस, आणि प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून इशारा. मागं आम्ही सातजण: मी, अप्पांचे दोन पुतणे, एक जावई, बाकी सगळे त्यांचे विद्यार्थी. मास्तरांना मागं कोण टाकणार? एक मोपेडवाला तेवढा पुढं गेला (तो भाताची पोती घेऊन चालला होता). अप्पा पहिले आले!

"ही रेस की मिरवणूक?" टायरवाला कडाडला.

वासू माझ्याकडं धावला. "रघू, पुढच्या खेपेला कोणी पुढं गेलं नाही तर चषक गेला! तू जा."

"अप्पांना टाकून? मी?"

"मग परक्यानं टाकायचं? तू घरचा!"

दुसरी फेरी. आमच्या गाडीत अप्पा, म्हणून मी याही खेपेला सासऱ्यांची गाडी मागून आणलेली. जोर करून अप्पांच्या बरोबरीला आलो. पण न विचारता पुढं जाणार कसं? काच खाली केली.

"अप्पा, पुढं जाऊ का?"

"कुठं?"

"पुढं!"

"कशाला रे? काही विसरलास?"

"अय्यो अप्पा, रेस आहे ही!"

"मग समोर बघ की!"

समोर बघितलं तोवर रस्ता वळला होता. मी वळलो नव्हतो. गाडी थेट भातात, चिखल दारापर्यंत! अप्पा थांबले. अप्पा थांबले म्हणून मागचे सहाही थांबले.

रस्त्याकडेला बघत उभे असलेले सासरे वेष्टीचा सोगा सावरत धावत आले. "जावई, हे काय केलंत?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पांनी गाडी घालून मला कडेला दाबलं!"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, चष्मा पुसला. "हो. डोळे गेले माझे."

टायरवाला चषक घेऊन गेला, स्पर्धा संपली आणि अप्पांनी गाडीची किल्ली कायमची माझ्या हातात दिली. तेव्हापासून पापनाशमची लग्नं, ओरत्तनाडुची कचेरी, दर एकादशीचं देऊळ, सगळीकडं त्यांना मीच नेतो. एकदाही नाही म्हटलं नाही. म्हणणार कुठल्या तोंडानं?

परवा मात्र राहवलं नाही. काप्पी पिताना त्यांचे पाय धरले. "अप्पा, त्या दिवशी तुम्ही दाबलं नव्हतं. मी खोटं बोललो."

"ठाऊक आहे. मी तिथंच होतो."

(इतक्या वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं!)

"मग बोलला का नाहीत?"

"सासऱ्यांपुढं तुझी अब्रू गेली असती. आणि पुढं लक्षात आलं, मागं बसलं की झोप छान लागते."

"आणि डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? उद्या आठला पापनाशम. उशीर करू नकोस."

मन हलकं झालं खरं. दुसऱ्या दिवशी साडेसातलाच गाडी पुसून दारात उभा होतो.