विहिरीवरची माशी

निघोज्याच्या मारुतरावांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्याला कारणही होतं. आधी कंपन्यांसाठी जमीन गेली, मग रस्त्यासाठी. दोन्ही वेळा सुरुवात एकच: कुणी अनोळखी माणूस वही घेऊन शिवारात फिरला. आता उरलं होतं विहिरीभोवतीचं थोडं रान आणि वरच्या अंगाला कामगारांसाठी बांधलेल्या बारा खोल्या.

त्यातल्याच एका खोलीतला भाडेकरू, उदगीरकडचा ज्योतीराम, तीन रविवार विहिरीच्या कठड्यावर ओणवा होऊन वहीत काहीतरी लिहीत होता.

"माशा बघतंय पोरगं. मला सांगितलं त्यानं," बायको गोजाबाई म्हणाली.

"माशा बघायला कोण सुट्टी घालवतंय? मोजणीवाल्यांचा माणूस हाय त्यो. माझा डोळा चुकायचा न्हाई!"

गोजाबाई पोट दाबत आत गेली. दोन महिने तिचं पोट बिघडलेलं होतं. डॉक्टर मुद्दामच बरं करत नाही, हा मारुतरावांचा आणखी एक संशय.

चौथ्या रविवारी त्यांनी ज्योतीरामला गाठलंच. वही हिसकावून घेतली. पानावर विहीर, खोल्या, मधलं अंतर पावलांत, आणि जागोजागी फुल्या!

"ह्या माशा व्हय रं? मला खुळा समजतो काय?"

ज्योतीराम कंपनीत सुट्या भागांवरचे ओरखडे शोधायच्या कामावर होता. ओरडा खायची सवय होती त्याला. त्याने खिशातलं भिंग मारुतरावांच्या हातात दिलं आणि कठड्याच्या आतल्या ओलीकडे बोट दाखवलं. "बघा तर काका."

मारुतरावांनी बघितलं, तेही त्याच्यावर एक डोळा ठेवूनच. तिळाएवढा करडा, केसाळ जीव. पंख मिटलेले, पिंपळाच्या पानासारखे.

"पतंग हाय ह्यो."

"मलाबी आधी तसंच वाटलं. पण पतंगाला चार पंख असतेत, हिला दोनच. म्हणजे माशी. उडतेय बी कशी, टुणकन दोन वीत, की बसली. लांब जातच नाही. तीन रविवार मोजल्या, विहिरीच्या आत खोल्यांकडच्या अंगालाच जास्त." ज्योतीरामने वहीतल्या फुल्यांवर बोट ठेवलं. "काका, ही गटारातली माशी आहे. हिच्या अळ्या घाणीच्या बुळबुळीत थरातच वाढतेत. अन् इथं तर गटार नाही."

"मग?" मारुतरावांच्या आवाजातला जोर आता थोडा कमी झाला होता.

"तेच शोधायलोय. खोल्यांच्या संडासाच्या टाकीला खाली तळ आहे ना?"

मारुतरावांची नजर वरच्या अंगाच्या खोल्यांकडे गेली. टाकी बांधताना गवंडी म्हणाला होता, खाली काँक्रीट टाकू. यांनीच नको म्हटलं. पाणी जमिनीत मुरतं, टाकी भरत नाही, उपसायची कटकट नाही. खोल्या बांधणारे बरेच जण तसंच करत होते. जगाकडे डोळे वटारून बघणाऱ्या या माणसाने आपल्या पायाखाली काय मुरतंय, ते कधी बघितलं नाही.

तेवढ्यात गोजाबाई आली, पाण्याचा तांब्या घेऊन. खोल्यांना बोअरचं पाणी होतं. घरातली माणसं मात्र विहिरीचंच प्यायची. मारुतरावांचाच तसा हट्ट होता.

"झालं का भांडून? घे रं लेकरा, गार हाय."

ज्योतीरामने तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. मारुतरावांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि मातीत पालथा केला.

"अवं, चांगलं पाणी! काय केलं त्यानं आता?"

"त्यानं न्हाई गं," मारुतराव म्हणाले. तिच्या पोटाकडे बघवेना त्यांना. "म्या केलंय."