निवेस तारोत्सीचे गुडघे

आमच्या बोलोन्यात निवेस तारोत्सीला ओळखत नाही असा माणूस विरळा. चौतीस वर्षं बाई पाहुण्यांना पायी शहर दाखवतेय. मिटलेली छत्री उंच धरायची आणि कमानींच्या सावलीतून जी सुटायची ती सुटायचीच. मागे पंधरा-वीस जण धापा टाकत. वय एकसष्ट, पण चालण्यात कॉलेजची पोरं मागे पडावीत. कुणी फार शंका काढल्या तर म्हणायची, "मग तुम्हीच सांगा, मी ऐकते." माणूस गार.

फक्त दोन गोष्टी ती करत नसे. मोठा चौक मधून तिरका ओलांडत नसे, कडेकडेनं वळसा घाली. आणि आसिनेल्ली मनोरा आला की पाहुण्यांना वर धाडून आपण पायथ्याशी बसून राही. "गुडघे हो," म्हणायची. ज्या गुडघ्यांनी रोज दहा-बारा किलोमीटर तुडवले, ते नेमके मनोऱ्यापाशीच दुखायला लागायचे! आणि लोकही भोळे, माना डोलवायचे.

खरं दुखणं वेगळंच होतं. आमच्या विद्यापीठातल्या पोरांचा जुना समज आहे: पदवी हातात पडण्याआधी जो मनोरा चढेल किंवा चौक तिरका ओलांडेल, त्याला ती जन्मात मिळायची नाही. निवेस एकवीस वर्षांची असताना तिचा नुसता प्रबंध उरला होता. तेवढ्यात आईनं अंथरूण धरलं ते नऊ वर्षं. प्रबंध राहिला तो राहिलाच. सगळ्या गल्लीला वाटायचं, निवेस केव्हाच शिकून मोकळी झाली. तिनंही कधी 'नाही' म्हटलं नाही. लाज वाटायची, दुसरं काय? तीन वर्षांपूर्वी मात्र तिनं गुपचूप पुन्हा नाव घातलं. नवऱ्यालाही पत्ता नव्हता. त्याला वाटे बायकोला म्हातारपणी वाचनालयाचं वेड लागलंय. आता शहरातल्या कमानींवरचा प्रबंध मान्य झाला होता आणि येत्या गुरुवारी परीक्षकांपुढे उभं राहायचं होतं.

सोमवारी तिच्याकडे नेपल्सच्या निवृत्त शिक्षकांचा गट आला. त्यात होत्या इम्माकोलाता स्कोन्यामील्यो, बहात्तर वर्षांच्या, गणिताच्या बाई. जीभ म्हणजे पट्टा. मोठ्या चौकात निवेस कडेनं वळली तशी त्यांनी टोकलं.

"अहो, एवढा मोकळा चौक सोडून वळसा कशाला? दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर कुठलं?"

"बाई, या बाजूला सावली आहे."

"सावली तिकडे आहे. मला मोतीबिंदू झालाय, आंधळी नाही झाले अजून."

निवेसनं छत्री उंचावली आणि न ऐकल्यासारखं केलं. पण दुपारी जेवताना, रश्शातल्या तोर्तेल्लीनीची, सारण भरलेल्या चिमुकल्या कानवल्यांची, वाटी पुढे आली तेव्हा बाई मुद्दाम तिच्या शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पदवी राहिलीय ना? माझी भाची इथेच शिकली. चौकाचं नि मनोऱ्याचं सगळं ठाऊक आहे मला."

निवेसचा चमचा हातातच राहिला. चाळीस वर्षांत हे कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. "गुरुवारी आहे," तिच्या तोंडून निघून गेलं, "कुणाला सांगू नका."

बाई हसल्या नाहीत. नेपल्सची माणसं असल्या गोष्टींना हसत नाहीत. त्यांनी दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात घातलेल्या पोवळ्याच्या शिंगाला बोट लावलं आणि दम भरला, "गुरुवारपर्यंत त्या मनोऱ्याकडे मान वर करून बघायचंसुद्धा नाही. कळलं?"

आणि तासाभरानं स्वतः मात्र पदर खोचल्यासारख्या चारशे अठ्ठ्याण्णव पायऱ्या चढायला निघाल्या. निवेस खाली बसली.

वीस मिनिटांनी मनोऱ्याच्या दारावरचा आथोस धावत आला. "निवेसताई, तुमची एक बाई मध्यावर कठड्याला चिकटून बसलीय. ना वर जाते, ना खाली. डोळे गच्च मिटलेत आणि तुमच्या नावाचा धावा चाललाय. जिना अरुंद, वरची माणसं वर अडकलीत, खालची खाली. बंबवाल्यांना बोलावू?"

"त्यांना यायला किती वेळ?"

"अर्धा तास तरी."

निवेस उठली आणि दारापाशी येऊन थांबली. तीन वर्षांच्या पहाटा, चोरून केलेला अभ्यास, सगळं त्या पहिल्या पायरीवर येऊन बसलं होतं. वरून कुणीतरी रडकुंडीला आल्याचा आवाज आला. "खड्ड्यात गेली पदवी," असं म्हणून तिनं पाय टाकला. आथोस तिच्या मागोमाग.

मध्यावर पोचली तेव्हा इम्माकोलाताबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"तू? तू कशाला वर कडमडलीस? अक्कल गहाण टाकलीस का गं? गुरुवार विसरलीस?"

"धावा तुम्हीच केलात ना?"

"खालून चार शब्द बोल म्हणून! वर ये म्हटलं होतं मी? जा, उतर आधी. अर्ध्यावरून परतलं तर धरत नसतील. उतर म्हणते ना!" आणि रागाच्या भरात बाईंनी कठडा सोडला, ताड्कन उभ्या राहिल्या. भीती कुठल्या कुठे पळाली.

निवेसला हसू फुटलं. दम खायला ती पायरीवरच टेकली.

"बाई, चाळीस वर्षं मी एक पायरी चढले नाही. मिळाली का पदवी?"

गणिताच्या बाईंनी पोवळ्याचं शिंग मुठीत धरलं.

"आई गेल्यावरही विद्यापीठ घरापासून दहा मिनिटांवरच होतं. मला मनोऱ्यानं नव्हतं अडवलं. मीच गेले नाही. नापास होईन म्हणून भ्यायले." ती उठली. "तुम्ही आथोसचा हात धरून उतरा. मी वर जाऊन येते."

"अगं ए! निवेस!"

पण ती गेलीसुद्धा. वर वारा होता आणि खाली लाल कौलांचं सगळं शहर. चौतीस वर्षं जे तिनं खाली बसून पाहुण्यांना सांगितलं होतं, ते तिनं एकेक तपासून घेतलं. सगळं जागच्या जागी होतं. "बरोबर सांगत होते मी," ती मोठ्यानं म्हणाली, तिथेच पोटभर रडली, नाक पुसलं आणि उतरली.

गुरुवारी तीन परीक्षकांपुढे ती पाऊण तास उभी राहिली. एकानं कमानींच्या कायद्याचं साल चुकवलं, ते हिनं सुधारलं. बाहेर कमानींखाली पोरांचा धुडगूस चालला होता. ज्याच्या त्याच्या डोक्यावर पदवी मिळाल्याची तमालपत्राची माळ, भोवती आईबाप, मावश्या. निवेसचं कुणी नव्हतं. सांगितलं होतंच कुणाला?

एका खांबाला टेकून इम्माकोलाताबाई उभ्या होत्या. गट आदल्या दिवशीच नेपल्सला परतला होता. या एकट्याच मागे राहिल्या होत्या. चेहरा पांढराफटक.

"नापास झाली असलीस तर माझ्यामुळे झालीस," त्या म्हणाल्या. "तोंड लपवून पळायचं नाही, म्हणून थांबले. बोल."

"एकशे दहापैकी एकशे चार."

बाई मटकन पायरीवर बसल्या आणि त्यांनी असा गळा काढला की सगळी पोरं वळून बघायला लागली. विद्यापीठाचा शिपाई धावत पाणी घेऊन आला. "रडू नका हो आजी, हिवाळ्यात पुन्हा परीक्षा असते. होतील तुमचे कोण असतील ते पास."

"अरे मेल्या, पास झालीये ती!" बाई गरजल्या. "निवेस तारोत्सी! आज पास झालीये, एकसष्टाव्या वर्षी!"

समोरचा कॉफीवाला हातातल्या फडक्यासकट बाहेर आला. तीस वर्षांची ओळख त्याची. "आज? निवेस, म्हणजे इतकी वर्षं तू…"

"नव्हते झाले," निवेस म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "आज झाले."