हरिहरेश्वरची प्रदक्षिणा पौर्णिमेच्या दुपारी करू नये

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन दोन वर्षं अडून बसलं होतं. डॉक्टर तयार, मी तयार, आई नाही. "हरिहरेश्वराचा नवस फेडल्याशिवाय मी त्या टेबलावर झोपत नाही," हे तिचं शेवटचं उत्तर. कसला नवस, विचारलं की "आहे एक." आमचे पूर्वज भोसल्यांच्या काळात नागपूरला आले. येताना भांडीकुंडी सगळी आणली, कुलदैवत तेवढं समुद्राकाठी ठेवलं. त्यामुळे नवस बोलायला सोपा आणि फेडायला लांब.

काटोलच्या मामांनी पौष पौर्णिमेचा दिवस काढून दिला. मामांनी आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

रात्रीच्या गाडीने सकाळी कल्याण. तिथून एसटीने पनवेल, मग माणगाव, मग म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे आईला एसटी फुकट, त्यामुळे ती प्रत्येक गाडीत यजमानीण असल्यासारखी बसली आणि शेजाऱ्यांना संत्री वाटत राहिली. माणगावच्या पुढे रस्ता वळणावळणाचा आहे. पोटात फार काही ठेवून जाऊ नका. देवळाजवळ घरगुती खोल्या मिळतात. जेवणात एका पंगतीला सोलकढी-भात आणि दुसऱ्या पंगतीला सुरमई, दोन्हीकडे भाविकच.

पौर्णिमेला आई उपाशी. प्रदक्षिणा झाल्यावरच खाणार. इथे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव असं दर्शन घेतात. ते सगळं रीतसर आटोपून साडेअकराला आम्ही देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर गेलो. ही वाट डोंगरावरून पायऱ्यांनी खाली उतरते आणि समुद्राच्या कडेने, खडकांवरून फिरून किनाऱ्यावर निघते. तिथे एक माणूस खुर्ची टाकून बसला होता.

"आता बंद आहे. वाट पाण्याखाली."

"बंद?" आई म्हणाली. "देऊळ उघडं अन् वाट बंद? पुनवेच्या दिवशी?"

पौर्णिमेला भरती मोठी असते, हे मी शाळेत शिकलो होतो. मार्कांपुरतं शिकलो होतो, त्यामुळे सोबत आणलं नव्हतं.

किनाऱ्यावर एक कोळीण बोंबील वाळत घालत होती. विठाबाई नाव. तिने हिशेब सांगितला. "तिथीची पाऊणपट करायची. आज पुनव, म्हनजे पंधरा. सव्वाअकराला पानी फुल्ल. तुम्ही सांजच्याला या, पाचाला." हे मामांना फोन करून सांगितलं. मामा म्हणाले, मुहूर्त तर चांगला होता.

आमची परतीची एसटी दोनला, रात्री कल्याणहून आरक्षण. आई नुसती पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी आरक्षण रद्द केलं.

पाचला वाट खरोखरच उघडली होती. विठाबाईही सोबत आली, कारण आईने तिला चार संत्री देऊन आपलंसं केलं होतं. खडकाच्या फटीतून खाली जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आहेत. आई एक उतरली, दुसरीवर तिचे गुडघे थांबले. ती तिथेच बसली आणि मला नाही, विठाबाईला म्हणाली, "हा चार वर्षांचा होईस्तोर उभा नाही राहिला वं. डॉक्टर म्हणे, आता देवावर ठेवा. मी बोलली, हा चालला तर तुझ्याभोवती याले याच्या पायानं फिरवीन."

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. नवस माझ्या पायांचा होता, हे मला तेव्हा कळलं.

"मग त्याचेच पाय हवेत ना? तुम्ही चला किनाऱ्यावर," विठाबाई म्हणाली.

मी एकटा उतरलो. खडकांना लाटांनी जाळीसारखी भोकं पाडली आहेत, फोटो छान येतात असं ऐकलं होतं. मी एकही काढला नाही. मी फक्त माझ्या पायांकडे पाहत होतो, आणि त्यामुळे दोनदा धडपडलो. भीती वाटली, हे सांगून टाकतो.

डोंगराला वळसा घालून वाळूवर आलो तर आई समोर उभी, विठाबाईच्या खांद्याला धरून.

"झालं," मी म्हटलं.

"डोंगरामागे मले काय दिसलं? जाय परत त्या खडकापावतर. तिथून चालत ये."

मी गेलो. पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर, सुटलेलं पोट, आणि दोन बायका बघतायत. चालत आलो. आई रडत होती, मग मीही रडलो. विठाबाईने बोंबील गोळा करायला घेतले.

जायचं असेल तर जरूर जा. सकाळी ओहोटी हवी असेल तर तिथी बघा, चपला पक्क्या घाला.

नागपूरला आल्यावर चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो. काउंटरवर संमतीचा कागद पुढे आला, तेव्हा मी आईला विचारलंच, की इतकी वर्षं मला सांगितलं का नाही.

"तुले सांगतलं असतं तर तू जल्मभर पायाकडे पाहून चालला असता," ती म्हणाली. "कुठं करू सही?"